उघडं भांडं

"भांडं उघडलंय," आंटी पुआ म्हणाली. "आता या टेबलावर कोणी कोणाला वाकडा शब्द बोलायचा नाही."

टेबलाच्या मधोमध आपल्या काठवटीसारखं, पण खोल, असं लाकडी भांडं होतं आणि त्यात जांभळट राखाडी रंगाची तुकतुकीत पोय, म्हणजे तारोचे कंद कुटून केलेला लगदा. सकाळभर मी आंटीला ती कुटताना पाहिलं होतं. सत्तरीची बाई, लांबट लाकडी पाटाच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेली. दगडी बत्ता खांद्यापर्यंत उचलायची आणि उकडलेल्या कंदांवर आणायची. थड्. थड्. प्रत्येक घावाला माझ्या मांडीवरची रेवा दचकायची आणि पुन्हा झोपायची. सहा महिन्यांची होती. दचकून परत झोपायची तिला तेव्हाच सवय झाली होती.

"का नाही बोलायचं?" पुष्करनं फोन वर धरत विचारलं. हवाईला निघण्याआधी माझ्या नवऱ्यानं पदार्थांची यादी केली होती. खड्ड्यात भाजलेलं डुक्कर, पानात उकडलेलं लाऊलाऊ, पोय, आणि ओपिही नावाच्या कच्च्या शिंपल्या. एकेक खायचा, खाताना व्हिडिओ काढायचा आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा. कवाई बेटावरच्या या घरात दोन दिवसांसाठी खोली घेतली होती तीही त्याचसाठी. इथं घरचं मिळतं, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं.

"कारण तारो आमचा थोरला भाऊ," आंटी म्हणाली. "आधी तो जन्मला. मग त्याच्या पाठीवर पहिला माणूस. भांडं उघडलं की भाऊ येऊन बसतो. थोरल्या भावासमोर तोंड टाकशील?"

"आणि टाकायचंच असेल तर?"

"तर आधी झाकण ठेवायचं." हे बोलला किमो, आंटीचा धाकटा भाऊ. साठीचा, पिंपासारख्या छातीचा माणूस. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत रानडुकरानं ओढलेला व्रण. सगळेच त्याला अंकल म्हणायचे. "झाकण ठेवलं की मग काय तो हिशोब करा."

मला राहवलं नाही. "आंटी, हे तर आमचं अळू! गुहागरला आमच्या मोरीमागं हे एवढालं अळू माजायचं. घशाला खाजतं म्हणून आई चिंच घालायची त्यात."

"चिंच?" आंटी पुढं सरकली. "आम्ही तर तास न् तास शिजवतो. चिंचेनं जाते खाज?"

"जाते ना. नाहीतर आमसूल."

"तुला कोणी विचारलंय?" पुष्कर मराठीत म्हणाला. इतक्या गोड आवाजात, की कोणाला वाटावं बायकोला वाढायला सांगतोय. "मोठी आचारीण लागून गेलीस. तोंड बंद ठेव, नाहीतर खोलीत गेल्यावर मी करतो बंद."

आंटीनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "काय म्हणाला?"

"म्हणाला, पोय छान झालीय."

"अजून चाखली कुठं त्यानं?"

पुष्करनं बोट बुडवलं, चाटलं, फोनकडं बघून तोंड केलं. "मित्रांनो, ही तर पतंगाला लावायची खळ!" मग इंग्रजीत, "आंटी, हे भांडं आम्हाला पार्सल द्या. आमच्या घरी हिचा आवाज फार चढतो."

सगळे हसले. टेबलाखाली त्यानं माझी करंगळी धरली आणि हळूहळू मागं वाकवत नेली. मीही हसले. अजून थोडी वाकवली तेव्हा अजून थोडं हसले.

आंटी हसायची थांबली होती.

*

खोलीची भिंत लाकडी फळ्यांची होती. दोन फळ्यांमधून बाहेरचं ऊन आत येत होतं, आणि आंटीचा आवाजही. दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी ती आणखी कंद कुटत होती. थड्. थड्.

"चारचौघांत मला अडाणी ठरवतेस?" पुष्करनं दार लावलं.

"मी फक्त अळूचं..."

त्यानं चेहऱ्याला कधी हात लावला नाही. तेवढा तो हुशार होता. मूठ बरगडीत बसली, डाव्या बाजूला, जिथं मी रेवाला पाजायला धरते तिथंच. श्वास आत गेला तो बाहेर येईना. मी पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर बसले. दुसरी पाठीत. तिसरीला मी तोंडात उशीचा कोपरा घेतला, कारण रेवा जागी होत होती.

बाहेरचं थड् थड् थांबलं.

पुष्करही थांबला. दोघंही ऐकत राहिलो. तीन कोंबड्या बोलल्या, लांब कुठं तरी ट्रक गेला. मग कुटणं पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा संथ.

"उद्या संध्याकाळी सहाचं विमान आहे," तो शर्टाची बाही सारखी करत म्हणाला. "इथं भिंती पातळ आहेत. घरी चल, मग बघतो तुझ्याकडं."

घर म्हणजे कॅलिफोर्नियात, सॅन होजेमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तिथं माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. मागच्या वेळी 'घरी बघतो' झालं तेव्हा मी सात महिन्यांची गरोदर होते आणि डॉक्टरला बाथरूममध्ये पाय घसरला असं सांगितलं होतं. आमचे तिघांचे पासपोर्ट त्याच्या पाठपिशवीत होते. पुढच्या आठवड्यात पुण्याला रेवाचं उष्टावण ठरलं होतं, चांदीच्या वाटीत खीर घालून. सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "पण मामा कुठून आणायचा? तुमच्याकडं भाऊच नाही ना." जणू तेही मीच केलं होतं.

मी रेवाला उचललं आणि डाव्या बाजूला घेता येईना म्हणून उजव्या बाजूला पाजलं. ती दूध पिता पिता हातानं माझा गाल चापटत होती. एवढुसा हात. मी तोंड बाजूला घेतलं, आणि मग मला माझीच लाज वाटली.

*

सकाळी आठला मी बाहेर आले तेव्हा टेबलावर भांडं उघडं होतं.

आंटी एकटीच बसली होती. तिनं पाण्यात हात बुडवून पोयच्या वरच्या थरावरून फिरवला, बाळाच्या टाळूवर तेल फिरवावं तसा. "साय धरते," म्हणाली. "बस. खा."

"आत्ता?"

"आत्ता. बोटानं खा. सावकाश."

मी बसले. आंबूस, थंडगार, घशातून न बोलता उतरणारी चव. आईच्या अळूच्या फदफद्याची आठवण यावी असं त्यात काही नव्हतं, तरी आली. पुष्कर खोलीतून आला, डोळ्यांनीच मला आत बोलावलं. मी बोट बुडवलं आणि म्हणाले, "खातेय."

आंटी त्याला म्हणाली, "भांडं उघडं आहे. तूही बस."

तो बसला नाही. अंगणात किमोकडं गेला.

किमोनं पहाटेच रानडुक्कर आणलं होतं. अंगणातल्या खड्ड्यात दगड तापून लाल झाले होते. त्यानं चिमट्यानं एकेक दगड उचलून डुकराच्या फाडलेल्या पोटात घातला, आणि आत चर्र झालं, वाफ आली, करपट गोड वास घरभर पसरला. पुष्कर हे सगळं टिपत होता. मग फोन किमोच्या हातात देऊन त्यानं त्याच्या पट्ट्यातली सुरी मागून घेतली आणि मेलेल्या डुकराच्या मानेत खुपसली. एकदा, दोनदा, हसत, फोनकडं बघत. तिसऱ्यांदा किमोनं त्याचं मनगट धरलं.

"मेलंय ते," किमो म्हणाला. "आता ते आपलं जेवण आहे. जेवणाला मारत नाहीत."

"अरे, गंमत!"

किमोनं सुरी पुसून पट्ट्यात खोचली. मग दोघांनी मिळून डुक्कर केळीच्या खुंटांत आणि पानांत गुंडाळून, वर माती लोटून पुरलं.

त्या सकाळी मी टेबल सोडलं नाही. रेवाला तिथंच पाजलं, तिथंच बदललं. तो तीनदा आला. एकदा गाडीची किल्ली विचारायला, एकदा चार्जर, एकदा नुसताच. प्रत्येक वेळी मी पोयमध्ये बोट बुडवलं. पोट तुडुंब भरलं होतं, तरी मी खात होते. प्रत्येक वेळी आंटीनं पाण्याचा हात फिरवला.

"आंटी, झाकायचं राहिलं," अकराच्या सुमारास मी म्हणाले.

"राहू दे."

तिनं झाकण भिंतीला उभं करून ठेवलं होतं. कुटायचा दगड धुऊन टेबलाच्या कोपऱ्यावर उन्हात वाळत ठेवला. घंटेसारखा आकार, वर मूठ, मूल उचलावं तेवढं वजन.

*

दीड वाजता खड्डा उकरला. मांस हाडापासून आपोआप सुटत होतं. लाऊलाऊच्या गाठी सोडल्या तर आत अळूची पानं, म्हणजे आमच्या अळूवडीचं दांडगं भावंडच. सगळ्यांत शेवटी किमोनं ओपिहीची ताटली ठेवली. समुद्राच्या खडकाला चिकटून राहणाऱ्या टोपीसारख्या शिंपल्या, आतला जीव अजून आक्रसत होता.

"यादीतलं शेवटचं!" पुष्करनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. "आज आमच्या सौभाग्यवती खाणार. कोकणातल्या आहेत. चल, आ कर."

"नको रे. पाजतेय मी तिला. कच्चं आहे."

"फोन चालू आहे, शलाका."

"तू खा ना."

रेवा तेव्हा किमोच्या मांडीवर होती. लाकडी भांड्याकडं हात करून ती 'बा, बा' करत होती. किमोनं माझ्याकडं पाहिलं. "आमच्या पोरांचं पहिलं अन्न हेच. देऊ?"

मी पोयकडं बघितलं. थोरला भाऊ, म्हणाली होती आंटी. मी मान हलवली. किमोनं करंगळीच्या टोकावर उडदाएवढी पोय घेतली आणि रेवाच्या जिभेवर ठेवली. रेवानं सगळा चेहरा एकवटला, विचार केला, आणि दोन्ही हातांनी त्याची करंगळी ओढून पुन्हा तोंडात घातली. आंटी खळखळून हसली. मीही हसले, त्या दोन दिवसांत पहिल्यांदा खरं.

"काय दिलंस तिला?"

पुष्कर उभा राहिला होता.

"तिचं उष्टावण पुढच्या गुरुवारी आहे. आई चांदीची वाटी घडवून बसलीय. आणि तू तिला याच्या डुकरं कापलेल्या हातानं ही खळ चाटवतेस?" हे मराठीत, पण आवाज आता गोड नव्हता.

"थेंबभर तर होती..."

त्यानं माझा जबडा धरला. अंगठा एका गालात, चार बोटं दुसऱ्या, दाबत गेला, तोपर्यंत की गालाची आतली बाजू माझ्याच दातांवर फाटली. दुसऱ्या हातानं शिंपली उचलली. "तुला आवडतं ना यांचं सगळं? मग तू पण खा. उघड. उघड तोंड!" शिंपलीची कड हिरडीला लागली. खारट पाणी, रक्त आणि तो हलणारा जीव, सगळं एकदम घशात गेलं. मी थुंकले, त्याच्या शर्टावर. मग त्यानं मारलं. उघड्या हातानं, कानाखाली, पहिल्यांदा चेहऱ्यावर, पहिल्यांदा लोकांसमोर. खुर्चीसकट मी खाली गेले.

खालून मला टेबलाची बाजू दिसली आणि किमोचे पाय सरळ होताना दिसले. रेवाला आंटीकडं देऊन त्यानं टेबलाला वळसा घातला होता. त्याचा हात पट्ट्याकडं गेलेला.

"किमो," आंटी म्हणाली. "भांडं."

किमो थांबला. मानेवरची शीर दोरीएवढी झाली होती. पण तो थांबला, आणि उभ्या जागी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

पुष्करला कळायला दोन क्षण लागले. त्यानं भांड्याकडं पाहिलं, किमोच्या पालथ्या हातांकडं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. तेच ते, व्हिडिओतलं.

"बघ," तो मला मराठीत म्हणाला. "तुझा थोरला भाऊ मला काही करत नाही. ऊठ. बॅगा गाडीत टाक. पोर घे. घरी चल."

मी उठले. कानात शिट्टी वाजत होती. सकाळपासून मी त्या भांड्याच्या कडेला चिकटून बसले होते, खडकाला ओपिही चिकटते तशी. आणि आता तोच त्याच्या आड उभा होता.

मी भिंतीपाशी गेले. त्याला वाटलं, बॅगेकडं चाललेय. झाकण उचललं, दोन्ही हातांनी आणलं, आणि पोयच्या भांड्यावर ठेवलं. लाकडावर लाकूड बसल्याचा छोटासा आवाज झाला.

"झाकलंय," मी इंग्रजीत म्हणाले. तोंडातून रक्त आलं म्हणून पुसून पुन्हा म्हणाले. "आंटी, अंकल, आता मी बोलते. हा मला मारतो. काल तुमच्या खोलीत मारलं. हिच्या वेळी मी पोटुशी होते तेव्हा मारलं. माझा पासपोर्ट याच्या पिशवीत आहे. मी याच्याबरोबर जाणार नाही. माझी मुलगीही जाणार नाही."

किमोनं टेबलावरचे हात उचलले.

माझ्या आयुष्यात मी पुष्करला घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं. तो मागं सरकला, पाठ भिंतीला लागली, मग एकदम पुढं झेपावला, आणि किमोकडं नाही, भांड्याकडं. "उघडा! अरे, उघडा ते! नियम आहे ना तुमचा?" उजव्या हाताची बोटं त्यानं झाकणाच्या कडेत घातली.

दगड माझ्या हाताशी होता. तो कसा उचलायचा हे मी आदल्या दिवशी सकाळभर पाहिलं होतं. मनगटानं नाही, खांद्यानं. वर न्यायचा आणि मग त्याच्या वजनाला येऊ द्यायचं.

थड्.

आवाज तसाच आला. त्याच्या आत दुसरा एक आवाज होता, शेंग मोडल्यासारखा. पुष्कर ओरडला, इतका, की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. मी दगड पुन्हा उचलला. दुसऱ्यांदाही आणला असता. किमोनं माझ्या हातावर हात ठेवला, सकाळी पुष्करच्या मनगटावर ठेवला होता त्याहून कितीतरी हलका.

"झालं," तो म्हणाला. "झालं, पोरी."

आंटीच्या कडेवर रेवा दचकली होती. या वेळी ती परत झोपली नाही. डोळे टक्क उघडे ठेवून माझ्याकडं बघत राहिली.

*

किमोनं त्याला अंगणात नेऊन गाडीच्या चाकाला टेकवून बसवलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्यासमोर उकिडवा बसून राहिला. बोटाचाही स्पर्श केला नाही. तीन बोटं मोडली होती. पोलिसांत एक बाई होती. तिनं विचारलं, "कोणी मारलं?" मी म्हणाले, "मी." तिनं दार लावून घेतलं, मला कुर्ता वर करायला सांगितलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग वहीत लिहू लागली. तांब्याला टेकवलेला फोन अजून चालूच होता. त्यात सगळं आलं होतं. तो तिनं पिशवीत घालून नेला. जाताना पासपोर्ट टेबलावर ठेवून गेली, दोन.

सहाचं विमान घरावरून गेलं तेव्हा आम्ही तिघी तिथंच बसलो होतो. झाकणाच्या कडेला खाच पडली होती, आंटी तीवरून बोट फिरवत होती.

"कालपासून झाकलं नाही मी," ती म्हणाली. "कुटताना आवाज आला तेव्हाच कळलं. तो आवाज मला कळतो. म्हटलं, तू विमानात बसेपर्यंत तरी उघडं ठेवू." तिचं बोट खाचेवर थांबलं. "माझी आई असंच ठेवायची. रात्रंदिवस. आमच्या घरची पोय कायम सुकलेली असायची. तीस वर्षं."

"कोणी झाकलं नाही?"

आंटीनं मान हलवली. "आम्हाला वाटायचं, उघडं ठेवणं म्हणजेच शहाणपण."

तिनं दगड उचलून बाजूला ठेवला, झाकण काढलं, पाण्यात हात बुडवला आणि वरची साय मोडून आत मिसळली. मग किमोला हाक मारली. तो आला, साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन, आणि रेवाला मांडीवर घेऊन बसला, आमच्याकडं मामा बसतो तसाच, कोणी न सांगता.

"भांडं उघडलंय," आंटी म्हणाली.

रेवानं तोंड उघडलं.